आधी हौद, मग फुलझाडं

मुस्लीम इतिहासातल्या बागांचा विषय निघाला की शालीमार, ताजमहाल, अलहंब्रा हीच नावं पुढे येतात. बाग म्हणजे बादशाही थाट, हा समज त्यातून पक्का होतो. पण कोरड्या मुलखात साध्या घराभोवतीची बाग कशी आखावी, याचाही विचार आपल्या पूर्वसूरींनी केला होता.

अबू उस्मान साद इब्न लुयून हे अंदलुसमधल्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या अल्मेरियाचे आलिम. हा युरोपातल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. वर्षाला पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. मराठवाड्यात सरासरीने याच्या तिपटीहून जास्त पडतो! १३४८ साली इब्न लुयून यांनी शेतीवरचा ग्रंथ पूर्ण केला, तोही पद्यात. रजज हे अरबीतलं ठेक्याचं, सोपं वृत्त. विद्यार्थ्यांच्या तोंडी बसावं म्हणून अनेक विषय त्यात बांधले जात. शिक्षक म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं. पुढच्याच वर्षी प्लेगच्या साथीत ते गेले. ग्रंथ मात्र राहिला.

त्यात शेतीचे चार आधार सांगितले आहेत: जमीन, पाणी, खत आणि मेहनत. शेवटी घर आणि बाग यांच्या आखणीचा भाग येतो. घर उंचावर असावं, तोंड दक्षिणेला. विहीर आणि हौदही वरच्या अंगाला. विहीर नसेल तर पाण्याचा पाट असावा, आणि तो झाडांच्या सावलीतून वाहावा. हौदालगत पानं न गळणारी झुडपं, थोडं पलीकडे फुलझाडं, त्याहून पलीकडे सदाहरित वृक्ष. कडेने द्राक्षाचे मांडव आणि मांडवाखालून पायवाटा. मोठी वाढणारी फळझाडं आळ्यात लावावीत. ती उत्तरेचा वारा अडवतील, पण ऊन अडवणार नाहीत अशा बेताने.

हा क्रम नीट पाहिला की त्यामागचा हिशोब कळतो. हौद उंचावर असला की पाणी उताराने आपोआप सगळीकडे जातं. पाट सावलीत असला की उन्हाने कमी उडतं. मांडव फळ देतो आणि खालची वाट थंड ठेवतो. झाडांची निवड पाण्याची वाट ठरल्यानंतर होते. आपण उलट करतो. आधी रोपवाटिकेतून दिसेल ते उचलून आणतो, आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट बघत बसतो.

अर्थात दक्षिणेकडे तोंड वगैरे तिथल्या हिवाळ्यासाठी. आपल्याला पश्चिमेचं ऊन अडवायचं असतं, आणि चार महिन्यांत पडलेलं पाणी आठ महिने पुरवायचं असतं. तपशील बदलेल, क्रम तोच राहील. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरेने आणलं तेही उताराच्याच जोरावर.

हे ज्ञान पुस्तकात कमी आणि माणसांच्या हातात जास्त असतं. १६०९ साली स्पेनच्या राजाने धर्मांतरित मुस्लिमांच्या वंशजांना, मोरिस्कोंना, देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला. व्हॅलेन्सियाच्या त्या हुकमात एक सवलत होती: शंभरातली सहा घरं ठेवता येतील, घरं, साखरेचे कारखाने, भाताचं पीक आणि पाट यांची देखभाल करायला. माणसं नको होती, पण त्यांना ठाऊक असलेलं पाणी हवं होतं. माणसं गेली. स्पॅनिशमध्ये शब्द राहिले: पाटाला ‘असेकिया’, अरबी ‘साकिया’वरून, हौदाला ‘अल्बेर्का’, अरबी ‘बिर्का’वरून.

आपल्याकडे तर शब्दही आहेत आणि माणसंही. सातबारावरचं ‘बागायत’ फारसीतून आलं, ‘जिरायत’ अरबी ‘जिराअत’वरून. ‘हौद’ही अरबीच. आणि उर्दूच्या तासाला आमची मुलं जिला ‘मशक्कत’ म्हणतात, तीच मराठीच्या तासाला ‘मशागत’ होते. इब्न लुयून यांचा चौथा आधार आपल्या बोलण्यात इतका मुरलेला आहे. तो अंगणात उतरवायचा तर या उन्हाळ्यात रोप घेण्याआधी एवढंच बघावं: आपल्या घरातलं पाणी कुठून येतं, आणि वापरून झाल्यावर कुठल्या बाजूला वाहून जातं.