हृदयस्नायू पेशींवरील विद्युत-आघाताचे परिणाम

बाहेरून आलेल्या विद्युतप्रवाहामुळे हृदयाच्या स्नायू पेशींच्या रचनेत व कार्यात होणाऱ्या बदलांचा अभ्यास प्रामुख्याने प्रयोगशाळेतील प्राण्यांवर झाला आहे. वीज हृदय बंद पाडू शकते, तशीच त्याचे विस्कळीत ठोके पूर्ववतही करू शकते; या विरोधाभासाचा उलगडा त्यातून होतो.

इतिहास

१८५० मध्ये मोरिट्झ होफा व कार्ल लुडविग यांनी विद्युतप्रवाहामुळे प्राण्यांच्या हृदयाचे सुसूत्र आकुंचन थांबून अनियमित थरथर सुरू होते, असे नोंदवले. या अवस्थेस फिब्रिलेशन म्हणतात. १८९९ मध्ये जिनीव्हा येथील प्रेव्होस्त व बातेली यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत आढळले की, क्षीण प्रवाहाने ही थरथर सुरू होते व तीव्र आघाताने ती थांबते. १९४७ मध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेदरम्यान एका १४ वर्षीय मुलाचे हृदय याच तत्त्वाने पूर्ववत केले.

पेशींवरील परिणाम

विश्रांत अवस्थेत हृदयस्नायू पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ९० मिलिव्होल्ट ऋण असतो. आघाताच्या वेळी ऋणाग्राकडील पेशीपटलावरील हा विभवांतर घटतो, तर धनाग्राकडील वाढतो. पुरेशा आघाताने बहुसंख्य पेशी एकाच वेळी उद्दीपित होतात. त्यामुळे भरकटलेल्या विद्युतलहरी विझतात आणि हृदयातील नैसर्गिक गतिकारकाला पुन्हा ताबा घेता येतो.

आघात फार तीव्र असल्यास पेशीपटलात सूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांतून कॅल्शियमचे आयन आत शिरतात व पेशी आखडते. छिद्रे लवकर बुजल्यास पेशी सावरते. अन्यथा ती मरते. आघातानंतर हृदयाचे आकुंचन काही काळ दुबळे राहण्याचे हे एक कारण मानले जाते.

उपयोग

दोन्ही दिशांनी वाहणारा द्विकलीय आघात कमी ऊर्जेत परिणामकारक ठरतो, म्हणून आधुनिक डिफिब्रिलेटरमध्ये तो वापरतात. हृदयतालातील बिघाडास कारणीभूत पेशी हेतुपुरस्सर छिद्रे पाडून नष्ट करण्याची उपचारपद्धतीही आता प्रचलित झाली आहे.

नैतिक बाजू

भारतात अशा प्रयोगांना प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० लागू आहे. शस्त्रक्रियेच्या प्रयोगांत शक्यतो भूल द्यावी आणि पुस्तके, प्रतिकृती वा चित्रपट यांनी अध्यापनाचे काम भागत असल्यास प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे त्यात अभिप्रेत आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी व संगणकीय प्रतिमाने यांमुळे असे काही प्रयोग टाळता येतात.