उष्टावणाची तारीख

डाउन सिंड्रोमचं बाळ घेऊन माझ्याकडे येणारी माणसं आधी जिभेबद्दल बोलतात. "जीभ आत राहतच नाही, मॅडम," आई म्हणते. "चमचा नेला की भाईर ढकलतंय," आजी म्हणते. बाळ आठ-दहा महिन्यांचं असतं, कधी दीड वर्षाचं, आणि अजून नुसतं दुधावर असतं. मी ऑक्युपेशनल थेरपी शिकले ती परळच्या केईएममध्ये. पुढची नोकरी आणि प्रॅक्टिस सगळी सातारा-कऱ्हाडकडे झाली. हात, मान, पाठ हे आमचं काम आहे हे लोकांना चटकन पटतं. तोंडही त्यातच येतं, हे मात्र समजावून सांगावं लागतं. आणि आजी जिभेलाच दोष देते यात तिचं काही चुकत नाही. डॉक्टर मंडळीसुद्धा शंभरावर वर्षं तेच करत आली.

१८५८ मध्ये जॉन लँग्डन डाउन नावाचा तरुण डॉक्टर लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यातल्या अर्ल्सवूडच्या आश्रमाचा प्रमुख झाला. बुद्धीनं मागे असलेल्या मुलामाणसांसाठीचा तो आश्रम. तिथल्या निरीक्षणांवर त्यानं १८६६ मध्ये एक लहानसा निबंध लिहिला. मुलांची वर्गवारी वंशांच्या नावांनी करण्याचा त्यातला खटाटोप आज वाचवत नाही, पण चेहऱ्यामोहऱ्याचं वर्णन इतकं नेमकं आहे की या मुलांच्या अवस्थेला पुढे त्याचंच नाव मिळालं. जीभ लांब, जाड आणि खरखरीत असते, हे त्यात आहे. त्याच निबंधात थोडं पुढे तो असंही सांगतो की या मुलांचं बोलणं जड असलं तरी जिभेला पद्धतशीर व्यायाम दिला तर ते पुष्कळ सुधारतं. हातांनाही शिकवलं तर ते कामाला लागतात. जाड जीभ पाठ्यपुस्तकांत गेली, निदानाच्या खुणांच्या यादीत जाऊन बसली. व्यायामाची गोष्ट कुणी फारशी पुढे नेली नाही.

खुद्द डाउननं १८६८ मध्ये पत्नी मेरीच्या साथीनं टेडिंग्टनला नॉर्मन्सफील्ड ही संस्था काढली. तिथे मुलांसाठी नाट्यगृहसुद्धा बांधलं. पण विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत अशा संस्था वाढत गेल्या आणि त्यांचे कोंडवाडे झाले. बाळाला घरी नेऊच नका, असा सल्ला प्रसूतिगृहातच मिळू लागला. एका सेविकेच्या हाताखाली खूप मुलं असली की जेवण म्हणजे सगळं एकत्र कालवून, मुलाला मागे रेलवून, भराभर घशाखाली उतरवायचं काम होतं. चावायला शिकवायला तिथे वेळ कुणाला असणार? शिवाय मूल फार जगणार नाही हे गृहीत धरलेलं. १९४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये या मुलांचं सरासरी आयुर्मान बारा वर्षांच्या आसपास धरलं जाई.

आपल्याकडे तसे आश्रम नव्हते, त्यामुळे मूल घरातच राहिलं. हे चांगलंच झालं, पण घरात त्याचं खाणं सुधारलं असं समजायला नको. आपल्या बायकांची बाळाला पाजायची जुनी रीत म्हणजे पाय लांब करून बसायचं, बाळ पायांवर उताणं घ्यायचं आणि बोंडल्यानं दूध घालायचं. बोंडल्याच्या चोचीतून धार आपोआप घशाकडे जाते. अंगात जोर असलेलं बाळ ती सांभाळून घेतं. डाउन सिंड्रोमच्या बाळाचे स्नायू जन्मतःच सैल असतात. मान मागे पडलेली, तोंड उघडं, आणि वरून धार. यात ओठ मिटायचं कारण पडत नाही, जीभ उचलायचंही नाही. दूध पोटात जातं म्हणून घर समाधानी असतं आणि बोंडलं महिनोन्‌महिने सुटत नाही. काही घरांत त्याची जागा बाटलीनं घेतली, भोक मोठं केलेलं बूच लावून. रीत तीच राहिली.

मग येतं उष्टावण. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची वाटी, खीर. मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम. सोळा संस्कारांतलं हे अन्नप्राशन. सुश्रुतानं त्यासाठी सहावा महिना सांगितला आहे आणि अन्न हलकं, हितकर असावं असं म्हटलं आहे. काश्यपसंहिता हा बालकांच्या आरोग्याचा ग्रंथ. तो सहाव्या महिन्यात फळं द्यायला सांगतो आणि धान्य मात्र दात आल्यावर किंवा दहाव्या महिन्यात. म्हणजे आपल्याकडे जुन्या काळापासून दोन मोजमापं आहेत, एक महिन्यांचं आणि एक दातांचं. एरवी दोन्ही जवळपास एकाच वेळी भरतात, त्यामुळे घरात कुणी त्यावर वाद घालत नाही.

डाउन सिंड्रोमच्या बाळाच्या बाबतीत दातांचं मोजमाप दगा देतं. पहिला दात बऱ्याचदा वर्ष उलटल्यावर येतो आणि दात येण्याचा क्रमही वेडावाकडा असतो. "दात आल्याबिगर काय चावंल?" या प्रश्नावर घरच्या घरी एक वर्ष निघून जातं.

माझ्या भागात मी आणखी एक गोष्ट वारंवार पाहिली. बारसं थाटात झालेलं असतं, कारण तोवर घरच्यांना कुणी स्पष्ट सांगितलेलं नसतं. मग रक्त पुण्या-मुंबईला जातं, गुणसूत्रांचा रिपोर्ट येतो, आणि उष्टावणाचा विषय घरात निघेनासा होतो. पाहुणे येतील, बाळाकडे बघतील, विचारतील. मामाला बोलावणं जात नाही. समारंभ राहिला तर राहिला, त्याचं मला काही नाही. पण त्याच्याबरोबर घरातलं अन्न सुरू करण्याची वेळही हुकते. दुसऱ्या नातवंडाला सहाव्या महिन्यात मऊ भात देणारी बाई या नातवंडाला देत नाही.

ती वेळ हुकणं किती महागात पडतं हे शेफील्डच्या रोनाल्ड इलिंगवर्थ या बालरोगतज्ज्ञानं लिस्टर या सहकाऱ्याबरोबर १९६४ मध्ये मांडलं. मूल साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात चावायच्या तयारीला लागतं. त्या सुमारास घट्ट अन्न तोंडात पडलं नाही तर पुढे ते द्यायला गेल्यावर मूल नाकारतं, उमासे काढतं, थुंकतं. हा अनुभव सगळ्याच मुलांचा. डाउन सिंड्रोमच्या मुलाला तर एकेक हालचाल शिकायला जास्त दिवस लागतात, मग त्याची सुरुवात उशिरा करून कसं चालेल?

आपल्याकडे या मुलांसाठी काही करता येतं हे आधी पालकांनी दाखवलं. १९४४ मध्ये मुंबईत वकील नावाच्या पारशी दांपत्यानं आपल्या दिना या मुलीसाठी घरातच शाळा सुरू केली. दिनाला डाउन सिंड्रोम होता; जय हे तिच्या आईचं नाव. आज शिवडीला असलेली जय वकील शाळा ती हीच. तिथून जवळच, परळला, १९५० मध्ये कमलाबाई निंबकरांनी केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय उभं केलं. कमलाबाई मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून इथल्या झाल्या. फलटणचं कमला निंबकर बालभवन ठाऊक असलेल्यांनाही या कमलाबाईंनी आमचा धंदा या देशात आणला हे बहुधा ठाऊक नसतं. रुग्णाला काय झालंय याच्याइतकंच, त्याला सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करायचं असतं हे बघा, अशी आमची शिकवण. अंघोळ, कपडे, जेवण. डाउन सिंड्रोमच्या बाळाचं मी जीभ सोडून बाकी सगळं आधी पाहते ते या शिकवणीमुळे.

जिभेचा पिच्छा मात्र सुटला नव्हता. १९५९ मध्ये पॅरिसला जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ यांनी एकविसावं गुणसूत्र या मुलांत दोनाऐवजी तीन असतं हे प्रसिद्ध केलं. कारण कळलं, तरी १९८० च्या दशकात जर्मनी, इस्राएल अशा देशांत जीभ कापून लहान करायच्या शस्त्रक्रिया झाल्याच. नंतर तपासलं तर बोलण्यात म्हणावा तसा फरक दिसला नाही. पुढे एमआरआयच्या चित्रांत उलगडलं की या मुलांची जीभ फार मोठी नसतेच. तोंडाची पोकळी लहान, टाळू अरुंद आणि जिभेचे स्नायू ढिले, म्हणून ती बाहेर लोंबते. शस्त्रक्रियांच्याच काळात अर्जेंटिनाचे डॉक्टर रोडोल्फो कास्तियो मोरालेस टाळूला छोटी पट्टी बसवून जिभेला मागे-वर जायला शिकवत होते, आणि १९८७ मध्ये सुझान इव्हान्स मॉरिस व मार्शा डन क्लाइन या दोन अमेरिकन थेरपिस्ट बायकांनी भरवण्याआधीच्या तयारीवर जाडजूड पुस्तक लिहिलं. डाउननं सांगितलेला जिभेचा व्यायाम शंभरावर वर्षांनी असा पुन्हा कामाला आला.

माझ्या खोलीत हे सगळं साध्या वस्तूंवर येतं. बाळाला सहा महिने पुरे झाले आणि मान धरायला लागलं की बालरोगतज्ज्ञांना विचारून सुरुवात करायची. दात मोजायचे नाहीत. पायांवर उताणं घेणं बंद. बाळ खुर्चीत किंवा मांडीवर ताठ बसवायचं, दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या, आणि पाय लोंबकळत न ठेवता पाटावर टेकलेले. पाय टेकले की पाठ धरते, पाठ धरली की मान, मान स्थिर झाली की जबडा. चांदीचा खोलगट चमचा देव्हाऱ्यात ठेवा, उथळ चपटा आणा. तो समोरून, हनुवटीच्या पातळीवरून आत न्यायचा, जिभेच्या मध्यावर हलकेच दाबायचा आणि थांबायचं. वरचा ओठ खाली येऊन घास ओढून घेईपर्यंत थांबायचं. आजीला हे फार जड जातं. तिचा हात सवयीनं चमचा वर उचलतो, घास वरच्या हिरडीला पुसला जातो, ओठाला काम उरत नाही.

अन्नाचंही तसंच. पेज पातळ म्हणून सोपी, असं सगळ्यांना वाटतं. ढिल्या तोंडाला पातळच सांभाळायला अवघड. ते सैरावैरा घशाकडे धावतं. गुरगुट्या भात वरणात घोटून, चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट; नाचणीचं सत्त्व तसंच घट्ट; कुस्करलेलं केळं, रताळं. पातळ वरणात भाताची शितं तरंगतात तो प्रकार सगळ्यांत शेवटी, कारण तोंडाला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. मग चावणं. कोरेगावकडच्या एका आजीनं मला यात भर घालून दिली. ती ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा सोलून, त्याला दुधाचा हात लावून लांबट पट्टी करायची आणि एक टोक स्वतःच्या बोटांत धरून दुसरं बाळाच्या दाढेच्या जागी, हिरडीवर ठेवायची. जीभ घास शोधत बाजूला वळायची. "पुढनं दिलं की ढकलतंय, बाजूनं दिलं की इचार करतंय," ती म्हणाली. आमच्या पुस्तकांत हेच दोन पानं खाऊन सांगितलेलं असतं.

प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, खाल्ल्यावर आवाज घरघरत असेल, छातीत वरचेवर कफ होत असेल, तर थांबून डॉक्टर गाठायचा. घास श्वासनलिकेत जातोय का हे क्ष-किरणाखाली गिळायला लावून पाहता येतं. कधी कधी ठसका न लागताही तो जातो. या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. ती खाताना दमतात, घामेजतात. त्यांना थोडं थोडं, जास्त वेळा. थायरॉइड आणि बद्धकोष्ठ याकडेही बघावं लागतं. पोट तुंबलेलं मूल चमच्याला तोंड उघडत नाही, आणि बोल जिभेला लागतो.

हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्यापासून ही मुलं जगतात. अमेरिकेतल्या नोंदींत मृत्यूसमयीचं मध्यम वय १९८३ मध्ये २५ होतं, १९९७ मध्ये ४९. पन्नाशीपर्यंत जगणाऱ्या माणसाला घोटलेल्या भातावर ठेवणं शोभत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. लहान मुलांच्या ज्या तीस अवस्था त्यात तपासायच्या, त्यांत डाउन सिंड्रोम आहे. नाव नोंदलं की जिल्ह्याच्या उपचार केंद्राकडे पाठवायची सोय आहे. पण खेड्यातली आई बाळ घेऊन जिल्ह्याला पोहोचेपर्यंत सातवा, आठवा, दहावा महिना सरतो. सहाव्या महिन्यात गावात असते ती अंगणवाडी सेविका. २०१८ च्या पोषण अभियानापासून ती अंगणवाडीत अन्नप्राशन दिवस साजरा करते. गावातली त्या वयाची बाळं, त्यांच्या आया, वाट्या-चमचे सगळं तिथे जमतं. जुन्या संस्काराला सरकारी तारीख मिळाली आहे. त्या दिवशी हे बाळही त्याच सतरंजीवर बसलं पाहिजे, आणि त्याचे पाय कशावर टेकवायचे, चमचा कुठून न्यायचा, ओठासाठी किती थांबायचं, कोणत्या ठसक्याला डॉक्टर गाठायचा, एवढं सेविकेला ठाऊक पाहिजे. हे शिकवायला एक दुपार पुरते. मी अनेक दुपारी तेच शिकवत आले आहे. माझ्यापेक्षा तरुण थेरपिस्टांनी ते प्रत्येक तालुक्यात करावं, यापेक्षा मोठी मागणी माझ्याकडे नाही.