नकाराची कळ

घरातल्या वस्तूंचा इतिहास लिहिताना त्या वस्तूने काय सोपे केले, एवढेच आपण बहुधा विचारतो. दूरचित्रवाणीच्या रिमोटला तर आळशी माणसाची सोय म्हणूनच हिणवले गेले. मात्र त्याच्या जन्माची हकीकत पाहिली की तिथे आळसापेक्षा त्रागा अधिक दिसतो. आजच्या पाहण्याच्या सवयींना अनुसरून रिमोटची नवी रचना कशी असावी, याचा विचार करताना हा त्रागा सहसा विसरला जातो. आम्हाला तो आठवावासा वाटतो, कारण समोर आलेल्या संहितेला वाचक वा प्रेक्षक 'नको' कसे म्हणतो, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परका नाही.

शिकागोच्या झेनिथ रेडिओ कॉर्पोरेशनचे अध्यक्ष यूजीन मॅक्डोनाल्ड यांना जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. 1950 साली त्यांच्या कंपनीने 'लेझी बोन्स' नावाचा रिमोट बाजारात आणला. तो एका लांब तारेने संचाला जोडलेला असे; संच चालू-बंद करणे आणि वाहिनी बदलणे एवढेच त्याला जमे, आणि घरातली माणसे त्या तारेत अडखळत. 1951 मध्ये कंपनीने शिकागोतील 300 घरांत 'फोनव्हिजन'चा प्रयोग केला. पैसे मोजून घरबसल्या चित्रपट पाहावा, मध्ये जाहिरात नसावी, अशी ती कल्पना होती. ती तेव्हा रुजली नाही. जाहिरात हटवता येत नसेल, तर निदान तिचे तोंड बंद करता यावे, ही इच्छा मात्र कायम राहिली.

ती पुरी केली यूजीन पॉली या अभियंत्याने. 1955 च्या 'फ्लॅश-मॅटिक'मध्ये तार नव्हती. पडद्याच्या चार कोपऱ्यांजवळ चार प्रकाशसंवेदी घटक बसवले होते. हातातल्या विजेरीसारख्या उपकरणाचा झोत त्यांच्यावर टाकला की संच चालू-बंद होई, वाहिनी पुढे-मागे सरके, आणि चित्र तसेच ठेवून आवाज घालवता येई. त्रासदायक जाहिरातींना गप्प करण्याची ही सोय कंपनीने आपल्या जाहिरातीतच मिरवली होती. जाहिरातीचा सूड जाहिरातीनेच उगवावा, असा तो प्रकार. दोष एवढाच की खिडकीतून येणाऱ्या उन्हालाही हे घटक आज्ञा समजत.

1956 साली रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाशाऐवजी ध्वनी निवडला. 'स्पेस कमांड'मध्ये ॲल्युमिनियमच्या चार लहान दांड्या होत्या. कळ दाबली की आतली हातोडी दांडीवर आपटे आणि माणसाच्या कानापलीकडचा एक स्वर उमटे. संच तो ओळखे. या रिमोटला बॅटरी लागत नसे. बॅटरी संपली तर गिऱ्हाईक संचच बिघडला असे समजेल, ही विक्रेत्यांची धास्ती त्यामागे होती. संचात मात्र सहा जादा निर्वात नलिका घालाव्या लागल्या आणि किंमत सुमारे 30 टक्क्यांनी चढली. हातोडीच्या त्या आवाजावरून अमेरिकी बोलीत रिमोटला 'क्लिकर' हे नाव पडले.

चार दांड्या म्हणजे चार क्रियापदे. रिमोटचे मूळ व्याकरण इतके आटोपशीर होते. 1980 च्या दशकाच्या आरंभी अवरक्त किरणांनी ध्वनीची जागा घेतली. आता प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र दांडी नको होती, संकेतांक पुरे होता; त्यामुळे कळा वाढवणे जवळपास फुकट झाले. केबल आणि व्हीसीआर आले तशी कळांची गर्दी होत गेली.

रेमंड विल्यम्स यांनी 1974 च्या आपल्या पुस्तकात दूरचित्रवाणीचे वर्णन 'प्रवाह' असे केले होते. कार्यक्रम आणि जाहिराती सुट्या नसतात, त्यांचा एक योजलेला ओघ असतो, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. रिमोटने प्रेक्षकाला या ओघात खंड पाडण्याची मुभा दिली. ती प्रसारकांना किती डाचत होती, हे पुढे उघड झाले. जाहिराती आपोआप ओलांडणाऱ्या 'रिप्ले टीव्ही' या यंत्राविरुद्ध 2001 मध्ये अमेरिकी वाहिन्या न्यायालयात गेल्या. 2002 मध्ये टर्नर ब्रॉडकास्टिंगचे प्रमुख जेमी केलनर यांनी जाहिराती टाळणे ही चोरीच असल्याचे म्हटले. प्रेक्षकाने त्या पाहण्याचा करार केलेला असतो, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मराठीत या शब्दाला वेगळाच अर्थ चिकटला. 1995 मध्ये युतीचे सरकार आले तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांनी पद न घेता सरकारचा 'रिमोट कंट्रोल' आपल्या हाती असल्याचे सांगितले, आणि पडद्याआडून सत्ता चालवण्याला आपल्या भाषेत एक रूपक मिळाले. मॅक्डोनाल्ड यांच्या घडणीत रिमोट होता निमूट बसलेल्याच्या नकाराचे साधन. रूपकात तो हुकमतीची खूण झाला. आजच्या रिमोटला यातला कोणता अर्थ लागू पडतो?

2011 च्या आरंभी नेटफ्लिक्सने रिमोटवर आपल्या नावाची कळ असेल असे जाहीर केले. पुढे अशा नाममुद्रांच्या कळा वाढल्या: जिला गप्प करण्यासाठी रिमोट जन्मला, ती जाहिरात थेट रिमोटवर येऊन बसली. त्याच काळात सुटसुटीतपणाच्या नावाखाली बाकीच्या कळा गळू लागल्या. ॲपलने 2015 मध्ये आणलेल्या रिमोटवर आवाज मूक करण्याची स्वतंत्र कळ नव्हती. ती 2021 च्या नव्या रचनेत आली. नोव्हेंबर 2022 पासून नेटफ्लिक्सने जाहिरातींसह स्वस्त योजना सुरू केली. तिच्यात जाहिरात चालू असताना चित्र पुढे सरकवता येत नाही. कळ बोटाखाली असते. तिला ऐकायचे की नाही, हे दुसराच कोणी ठरवतो.

त्यामुळे कळा किती असाव्यात, स्पर्शाने चालाव्यात की बोलून, हे प्रश्न आम्हाला दुय्यम वाटतात. सवयी आभाळातून पडत नाहीत. पुढचा भाग आपसूक सुरू करणारी रचनाही सवय घडवतच असते. तेव्हा 'सवयीला अनुसरून' असे म्हणताना ती सवय कोणी लावली, हे विचारायला हवे. ॲडलर यांच्या रिमोटला बॅटरी नव्हती, पण त्याची प्रत्येक कळ प्रेक्षकाचेच ऐके. पुस्तक मिटणाऱ्या वाचकाला कोणी अडवत नाही. ते स्वातंत्र्य पाहणाऱ्याच्या हाती किती उरते, यावर नव्या रिमोटची पारख व्हावी.