पोथी आणि गोधडी

फावल्या वेळीं पोथी ऐकणें आणि सुईदोरा घेऊन बसणें, हे आपल्या घरांतील जुने विरंगुळे. त्यांपैकीं एकाचा इतिहास सांगतां येतो, दुसऱ्याचा येत नाहीं.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालींहि तें निघालें. ओवी आमच्या आयाबायांस जात्यावरून परिचित होतीच. ग्रंथ त्यांस परका वाटला नसावा. परंतु त्या तिन्ही छापांची एकहि प्रत आज सांपडत नाहीं! ग्रंथ तगला तो हातानें उतरलेल्या पोथ्यांमुळें. अशा हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाना यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो रोमन लिपींत पुन्हां छापविला. देवनागरी आवृत्तीस १९५६ साल उजाडावें लागलें.

गोधडीस असा नकलकार कोठून मिळावा? जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्यानें सांधावयाचे. पांघरून पांघरून ती विरली, कीं नव्या गोधडीच्या पोटांत घालावयाची. पणजीच्या हातचा टाका म्हणूनच आज दाखवितां येत नाहीं. तो उतरून घेतला असेल तर आईशेजारीं बसलेल्या लेकीच्या बोटांनींच.