इंचांचा वाद

मोठ्या पडद्याच्या फोनचा इतिहास थट्टेपासून सुरू होतो. सप्टेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात सॅमसंगने ५.३ इंची ‘गॅलॅक्सी नोट’ मांडला; सोबत लेखणीही होती. आयफोनचा पडदा तेव्हा साडेतीन इंचांचा. एवढी पाटी कानाला लावायची कशी, असे हसणारे पुष्कळ होते. गिऱ्हाइकांनी मात्र ती उचलली, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपललाही ५.५ इंची ‘आयफोन ६ प्लस’ आणावा लागला.

इंचांचा वाद मिटला, पण निवड सोपी झाली असे मला वाटत नाही. मोठा पडदा दोन्हीकडे मिळू लागल्यावर खरा फरक उरला तो गोताचा. ज्याला इकोसिस्टिम म्हणतात त्याचा. एकीकडे विकत घेतलेली ॲप्स दुसरीकडे चालत नाहीत, हे एक वेळ सोसता येते. पण आयफोन सोडून ॲण्ड्रॉइड घेणाऱ्या कित्येकांना आयफोनवाल्या मित्रांचे निरोपच मिळेनात! नंबर आयमेसेजमध्ये नोंदलेला राहिल्याने ते निरोप ॲपलच्याच वाटेने जात. जुना फोन हाताशी नसतानाही ती नोंद काढून टाकण्याची सोय ॲपलने नोव्हेंबर २०१४ मध्ये केली. ॲण्ड्रॉइडवरचे सामान आयफोनवर आणून देणारे ॲप तिने २०१५ मध्ये काढले.