पंचांचा निर्णय आणि प्रेक्षकांचा वाद : अमेरिकन बेसबॉलमधील चुरशीच्या सामन्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

क्रीडा हे समाजजीवनाचे एक महत्त्वाचे अंग आहे. खेळाच्या इतिहासात खेळाडूंचे विक्रम व संघांचे विजय यांची नोंद विस्ताराने झालेली आढळते. परंतु पंच आणि प्रेक्षक या दोन घटकांकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात विकसित झालेल्या बेसबॉल या खेळात या दोन घटकांमधील संघर्ष सातत्याने दिसून येतो. सामना एकतर्फी असेल तर पंचाची चूक कोणाच्या लक्षातही राहत नाही. मात्र एका धावेने निकाल लागणाऱ्या सामन्यातील चूक पिढ्यान्‌पिढ्या चर्चिली जाते. प्रस्तुत निबंधात काही निवडक सामन्यांच्या आधारे या वादाचे स्वरूप व परिणाम तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रेक्षकांच्या वादात वस्तुतः दोन स्वतंत्र प्रश्न एकत्र मिसळलेले असतात. पंचाचा निर्णय चुकीचा होता काय, हा पहिला प्रश्न होय. आणि त्या निर्णयामुळेच सामना गमावला काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाबाबत प्रेक्षकांची बाजू अनेकदा खरी ठरली आहे, तर दुसऱ्या प्रश्नाबाबत ती तितकी भक्कम ठरत नाही, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

पंचाच्या अधिकाराची जडणघडण :

न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने 1845 मध्ये बेसबॉलचे नियम लिखित स्वरूपात आणले. खेळातील सर्व वाद पंचाने मिटवावेत आणि त्याच्या निर्णयावर अपील नसावे, ही तरतूद त्या नियमांतच होती. पंचाचा निर्णय अंतिम मानण्याची परंपरा त्यामुळे या खेळाइतकीच जुनी आहे. 1876 मध्ये नॅशनल लीगची स्थापना होऊन खेळाला व्यावसायिक रूप मिळाले, तरी पुढील अनेक वर्षे बहुतेक सामन्यांत एकच पंच काम पाहत असे. चेंडूवर लक्ष ठेवणाऱ्या त्या एकट्या माणसाला चारही बेसवरील हालचाली एकाच वेळी दिसणे शक्य नव्हते. चुका अपरिहार्य होत्या आणि प्रेक्षकांचा रोषही. अर्नेस्ट थेअर यांच्या 1888 मधील ‘केसी ॲट द बॅट’ या प्रसिद्ध कवितेत पंचाच्या जिवावर उठलेली गर्दी दाखविली आहे. प्रेक्षकांचा असा संताप त्या काळी किती परिचित होता, याचे ते साहित्यिक प्रमाण मानता येईल. पुढे पंचांची संख्या क्रमाक्रमाने वाढत जाऊन 1952 पासून नियमित सामन्यांत चार पंच नेमले जाऊ लागले.

1908 : नियम विरुद्ध प्रघात

23 सप्टेंबर 1908 रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्‌सवर न्यूयॉर्क जायंट्‌स व शिकागो कब्ज या संघांत सामना झाला. नवव्या डावाच्या अखेरीस बरोबरी 1-1 अशी होती. जायंट्‌सचे दोन गडी बाद झाले होते आणि पहिल्या व तिसऱ्या बेसवर धावक होते. अल ब्रिडवेलच्या फटक्यावर तिसऱ्या बेसवरील धावकाने धाव पूर्ण केली. सामना जिंकला असे समजून प्रेक्षक मैदानात शिरले. पहिल्या बेसवरील 19 वर्षांचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला स्पर्श न करताच तंबूकडे वळला. नियमानुसार त्याने दुसरा बेस गाठणे आवश्यक होते; तो तेथे बाद झाल्यास धाव ग्राह्य धरली जात नसे. शिकागोच्या जॉनी एव्हर्सने हा मुद्दा उपस्थित केला आणि पंच हँक ओडे यांनी मर्कलला बाद ठरविले. मैदानावरील गर्दी व अंधार यांमुळे खेळ पुढे चालू शकला नाही व सामना बरोबरीचा घोषित झाला. 8 ऑक्टोबरला खेळविलेल्या फेरसामन्यात शिकागोने 4-2 असा विजय मिळविला आणि केवळ एका विजयाच्या फरकाने लीगचे अजिंक्यपद पटकाविले.

हा निर्णय नियमाला धरून होता. तरीही न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांचा राग निराधार म्हणता येत नाही, कारण हा नियम प्रत्यक्षात क्वचितच अमलात येत असे. त्याच महिन्यात 4 तारखेला पिट्सबर्ग येथे असाच प्रसंग घडला असता याच ओडे यांनी एव्हर्सची हरकत मान्य केली नव्हती व शिकागोने तो सामना 0-1 असा गमावला होता. वादाचे मूळ नियमात नव्हते, तर नियमाच्या असमान अंमलबजावणीत होते. या वादाचा खरा भार मात्र मर्कलवर पडला. त्या क्षणी इतर खेळाडूही जे करीत असत तेच त्याने केले होते. परंतु ‘बोनहेड’, म्हणजे मठ्ठ, हे विशेषण त्याला आयुष्यभर चिकटले.

1985 : एक निर्णय आणि त्यानंतरचे प्रसंग

26 ऑक्टोबर 1985 रोजी कॅन्सस सिटी येथे वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना झाला. सेंट लुईस कार्डिनल्स मालिकेत 3-2 असे आघाडीवर होते आणि नवव्या डावाच्या उत्तरार्धापूर्वी सामन्यातही त्यांच्याकडे 1-0 अशी आघाडी होती. तीन गडी बाद केले की अजिंक्यपद, अशी स्थिती होती. कॅन्सस सिटी रॉयल्सचा पहिला फलंदाज हॉर्हे ओर्ता पहिल्या बेसवर पोहोचण्यापूर्वीच चेंडू पिचरच्या हाती आला होता. परंतु पंच डॉन डेंकिंजर यांनी त्याला नाबाद ठरविले. दूरचित्रवाणीवरील पुनर्प्रक्षेपणात ही चूक लाखो लोकांनी पाहिली. रॉयल्सने तो सामना 2-1 असा जिंकला.

येथे पुढील घटनाक्रम बारकाईने पाहणे आवश्यक ठरते. त्यानंतरच्या फलंदाजाचा उंच उडालेला सोपा झेल कार्डिनल्सकडून सुटला व त्याने लगेच फटका मारून बेस गाठला. स्वतः ओर्ता पुढच्याच खेळीत तिसऱ्या बेसवर बाद झाला. म्हणजे ज्याला चुकून जीवदान मिळाले त्याने धाव काढलीच नाही. नंतर कॅचरच्या हातून चेंडू निसटल्याने धावक पुढे सरकले आणि डेन आयोर्गच्या फटक्यावर दोन धावा झाल्या. पहिला गडी वेळीच बाद झाला असता तर डावाला वेगळे वळण लागले असते, हे मान्य करावेच लागेल. तथापि पराभवाचे एकमेव कारण तो निर्णय होता, असे मात्र म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशीचा निर्णायक सामना तर कार्डिनल्सने 0-11 असा गमावला.

डेंकिंजर यांना त्यानंतर धमक्या आल्या; त्यांचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक सेंट लुईसमधील नभोवाणीवरून जाहीर केला गेला. त्यांनी आपली चूक मान्य केली व 1998 पर्यंत पंच म्हणून काम केले. 2023 मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु त्यांची प्रदीर्घ कारकीर्द लोकस्मृतीत त्या एका निर्णयापुरतीच उरली.

निष्ठा आणि न्यायबुद्धी :

प्रेक्षकांची न्यायबुद्धी संघनिष्ठेपासून अलिप्त नसते. 9 ऑक्टोबर 1996 रोजी न्यूयॉर्क यांकीज संघ बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध 3-4 असा मागे असताना आठव्या डावात डेरेक जीटरने मारलेला चेंडू 12 वर्षांच्या एका प्रेक्षकाने कठड्यावरून हात पुढे करून वळविला. पंच रिच गार्सिया यांनी होमरन दिली. यांकीजने अकराव्या डावात सामना 5-4 असा जिंकला. चित्रीकरण पाहिल्यानंतर गार्सिया यांनी प्रेक्षकाचा हस्तक्षेप झाल्याचे मान्य केले. बाल्टिमोरमध्ये या निर्णयाबद्दल संताप होता, तर न्यूयॉर्कमध्ये त्या मुलाचे कौतुक झाले. चूक एकच, परंतु तिचा अर्थ प्रेक्षक कोणत्या शहराचा यावर ठरला.

26 जुलै 2011 रोजी अटलांटा येथे सुरू झालेला पिट्सबर्ग पायरेट्‌स व अटलांटा ब्रेव्ह्‌ज यांचा सामना मध्यरात्रीनंतर एकोणिसाव्या डावात संपला. होम प्लेटवर धावकाला कॅचरने चेंडू लावलेला दिसत असताना पंच जेरी मील्स यांनी त्याला नाबाद दिले व ब्रेव्ह्‌ज 4-3 असे विजयी झाले. मील्स यांनी नंतर चूक कबूल केली. हा निर्णय पिट्सबर्गच्या हंगामाला लागलेले ग्रहण मानला जातो. परंतु त्या हंगामात पायरेट्‌सने एकूण 90 सामने गमावले. त्या सर्वांचे स्पष्टीकरण एका चुकीतून मिळत नाही.

तंत्रज्ञानाचा स्वीकार :

प्रेक्षकांना घरबसल्या दिसणारी चूक मैदानावरील पंचाला दुरुस्त करता येत नाही, ही विसंगती दीर्घकाळ टिकणे शक्य नव्हते. क्रिकेटमध्ये तिसरा पंच नोव्हेंबर 1992 मध्ये दरबान कसोटीत आला आणि मुंबईचा सचिन तेंडुलकर त्याच्या निर्णयाने धावबाद होणारा पहिला फलंदाज ठरला. मेजर लीग बेसबॉलने मात्र चित्रफितीची मदत ऑगस्ट 2008 मध्ये, तीही केवळ होमरनपुरती स्वीकारली. 2 जून 2010 रोजी डेट्रॉइट येथे जिम जॉईस यांच्या चुकीने आर्मांडो गालारागा या पिचरची ‘परफेक्ट गेम’ अखेरच्या फलंदाजावर हुकली. जॉईस यांनी त्याच रात्री चूक कबूल केली आणि दुसऱ्या दिवशी गालारागाने त्यांच्याशी हस्तांदोलन केले. मात्र आयुक्त बड सीलिग यांनी निर्णय बदलला नाही. अखेर 2014 पासून बहुतेक निर्णयांना आव्हान देण्याची व्यवस्था झाली. स्ट्राईक व बॉल यांचे निर्णय तेव्हाही त्याबाहेर होते. दक्षिण कोरियाच्या लीगने 2024 मध्ये ते निर्णय यंत्राकडे सोपविले. तर अमेरिकेत 2026 च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला प्रारंभी दोन आव्हाने देणारी पद्धत सप्टेंबर 2025 मध्ये मंजूर झाली. 1845 चा ‘अपील नाही’ हा दंडक अशा रीतीने 180 वर्षांनी त्याच्या शेवटच्या गडातही शिथिल झाला.

निष्कर्ष :

1. चुरशीच्या सामन्यांतील प्रेक्षकांचा वाद हा केवळ बेशिस्तीचा प्रकार नव्हता. निर्णयांविषयीच्या या दीर्घ असंतोषाने खेळाच्या व्यवस्थेला सुधारणा करण्यास भाग पाडले.

2. निर्णय चुकीचा असणे व त्यामुळे पराभव होणे या भिन्न बाबी आहेत. 1985 व 2011 च्या उदाहरणांवरून पराभवामागे अनेक कारणे असल्याचे स्पष्ट होते. ती सर्व एका पंचावर लादणे सोयीचे असले तरी इतिहासाला धरून नाही.

3. व्यवस्थेने चूक दुरुस्त करण्याचा मार्ग ठेवला नाही, तेव्हा तिची किंमत व्यक्तींना मोजावी लागली. मर्कल व डेंकिंजर ही त्याची ठळक उदाहरणे होत.

4. आव्हानाच्या पद्धतीने पंचाचा अधिकार कमी झाला, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु काही क्षणांत दुरुस्त होणारी चूक त्याला आयुष्यभर वाहावी लागत नाही. अपिलाची सोय खेळाडूंइतकीच पंचासाठीही संरक्षक ठरली, हे या इतिहासाचे महत्त्वाचे सार म्हणता येईल.