जाब विचारायचा कुठे? औरंगाबादच्या बसची नव्वद वर्षे

औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेचे मुख्यालय आहे आणि त्याच परिसरात शहर बसचा जुना थांबाही आहे. या दोन्हींमागच्या कारभाराची घडी जवळपास एकाच वेळी बसली. वसंतराव नाईक समिती २२ जून १९६० रोजी नेमली गेली, १५ मार्च १९६१ रोजी तिने अहवाल दिला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते हे सारे विषय मंत्रालयातून निघून जिल्ह्याच्या सभागृहात आले. सदस्यांनी प्रश्न विचारावेत, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने उत्तरे द्यावीत, अशी ती रचना. आणि त्याच १९६१ साली मराठवाड्यापुरती स्वतंत्र असलेली सरकारी बससेवा विसर्जित होऊन मुंबईत मुख्यालय असलेल्या एका महामंडळात मिसळली. म्हणजे गावचा रस्ता जिल्ह्याकडे आला आणि त्या रस्त्यावरची बस मुंबईकडे गेली. ही विसंगती तेव्हा कुणाला फारशी खटकलेली दिसत नाही. या शहरातल्या बसव्यवस्थेची पुढची सगळी दुखणी मात्र तिथून सुरू होतात, असे माझे म्हणणे आहे. नव्वद वर्षांत बसचे मालक अनेकदा बदलले, आणि प्रत्येक बदलाला सुधारणा म्हटले गेले. जिच्यासमोर या कारभाराचा हिशेब उघडपणे मांडला जाईल अशी जागा मात्र या शहरात एकाही बदलाने रुजवली नाही.

मराठवाड्यातली सरकारी बस मुंबई राज्याच्या एसटीपेक्षा सोळा वर्षांनी थोरली आहे. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ रोजी. निजामाच्या रेल्वेने आपले रस्ता वाहतूक खाते काढले ते जून १९३२ मध्ये, २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन. हिंदुस्थानात प्रवासी वाहतूक सरकारी मालकीची करण्याचा हा अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी एक. त्यामागची प्रेरणा मात्र लोकसेवेची म्हणणे भोळेपणाचे होईल. लंडनच्या कंपनीच्या ताब्यातली रेल्वे निजाम सरकारने १९३० मध्ये विकत घेतली होती. औरंगाबादवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लाइन तिच्याच जाळ्यातली. त्याच सुमारास खासगी मोटारी रेल्वेचे उतारू पळवू लागल्या होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानातही हीच चिंता होती. रेल्वे आणि रस्ता यांच्या स्पर्धेवरचा मिचेल-कर्कनेस अहवाल १९३३ चा आहे. निजामाच्या रेल्वेने त्यावर काढलेला तोडगा सोपा होता: मोटार आपणच चालवायची. त्यामुळे या प्रदेशात बस जन्मली ती रेल्वेच्या तिजोरीची राखणदार म्हणून. वेळापत्रक, तिकीट, आगार, गणवेश ही रेल्वेची शिस्त तिला मिळाली, आणि ती पुढे फार उपयोगी पडली. पण तिचा हिशेब रेल्वेच्या हिशेबाचा एक भाग होता, आणि प्रवासी हा प्रजाजन होता. त्याने तक्रार केलीच तर ती अर्ज म्हणून वर जाई. उत्तर देण्याचे बंधन कुणावर नव्हते.

हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर रेल्वे केंद्राकडे गेली आणि १ नोव्हेंबर १९५१ रोजी हे रस्ता वाहतूक खाते हैदराबाद राज्य सरकारच्या हाती आले. पाच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यपुनर्रचनेत खुद्द खात्याचीच वाटणी झाली. तेलंगणाचा वाटा आंध्र प्रदेशाकडे जाऊन १९५८ मध्ये तिथले महामंडळ उभे राहिले. इकडचा वाटा द्वैभाषिक मुंबई राज्यात ‘स्टेट ट्रान्सपोर्ट मराठवाडा’ या नावाने चालू लागला. त्या काळी या एका राज्यात तीन सरकारी बससेवा नांदत होत्या: मुंबईचे महामंडळ, नागपूरकडची मध्य प्रांतांची वाहतूक सेवा आणि मराठवाड्याची ही. १९६१ मध्ये तिन्ही एक झाल्या.

एकत्रीकरण चुकीचे होते असे म्हणण्याचा मोह इथे होतो, पण पुरावा त्या बाजूने नाही. तीन वेगळ्या सेवांचे भाडे, सुटे भाग, सेवाशर्ती, सारेच वेगळे. लातूरहून पुण्याला निघालेल्या माणसाला राज्याची जुनी हद्द पुसली गेल्याचा अनुभव यायचा तर बस एक असणेच सोयीचे होते. एकट्या मराठवाड्याच्या तिकीट-उत्पन्नावर ‘गाव तिथे एसटी’ शक्य झाली असती का, याबद्दल शंकाच आहे. जास्त चालणाऱ्या मार्गांच्या कमाईवर खेड्यातली फेरी चालवायची तर तिजोरी मोठीच हवी. शिवाय दापोडी आणि हिंगण्याबरोबर एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा औरंगाबादेत, चिकलठाण्याला आली. बसचे सांगाडे बांधण्याचे काम या शहरात झाले, कामगारांच्या पिढ्या त्यावर जगल्या. एकत्रीकरणाने पुष्कळ दिले. तक्रार आहे ती एवढीच की देणाऱ्याला विचारण्याची सोय त्याने दिली नाही, आणि ती देणे अवघड नव्हते. ज्या विधिमंडळाने शाळा आणि दवाखान्यांसाठी जिल्ह्यात सभागृह उभे केले, त्याला त्याच सभागृहात विभागाच्या एसटीवर वर्षातून एक चर्चा ठेवता आली नसती काय?

याचे कारण शोधायला थोडे लंडनपर्यंत जावे लागते. निजामाची बस सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १ जुलै १९३३ ला, लंडनमध्ये पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड स्थापन झाले. हर्बर्ट मॉरिसन यांनी मांडलेला विचार असा की मालकी जनतेची असावी, पण कारभार जाणत्यांच्या मंडळाकडे असावा. रोजच्या राजकारणाचा त्याला स्पर्श होऊ नये. स्वतंत्र भारताने सार्वजनिक महामंडळ हा प्रकार घेतला त्यामागे हाच विचार होता, आणि १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा त्याच घराण्यातला. पण आपल्या कायद्याने एक गंमत केली. कलम २२ म्हणते, महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर चालावे. कलम ३४ म्हणते, राज्य सरकार देईल ते निर्देश महामंडळाने पाळावेत. भरती, वेतन, सेवाशर्तीसुद्धा त्यात आल्या. म्हणजे तोटा झाला की महामंडळ सरकारच्या निर्देशांकडे बोट दाखवणार आणि सरकार महामंडळाच्या स्वायत्ततेकडे. प्रवाशांच्या बाजूने या कायद्यात आहे ते कलम १७: सरकार सल्लागार परिषदा नेमू ‘शकेल’. नेमलीच पाहिजे असे नाही, आणि नेमली तरी तिने सल्ला द्यायचा. मॉरिसन यांच्या लंडनने पुढे आपली चूक दुरुस्त केली. २००० पासून तिथली वाहतूक निवडून आलेल्या महापौराच्या अखत्यारीत आहे, निवडून आलेली सभा त्याला उघडपणे प्रश्न विचारते, आणि प्रवाशांची बाजू मांडणारी वेगळी कायदेशीर संस्थाही आहे. आपण मात्र १९५० चा साचा तसाच वापरत राहिलो.

कुणी म्हणेल, एसटीचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो, महालेखापरीक्षक हिशेब तपासतात, आमदार प्रश्न विचारतात; आता माहितीचा अधिकारही आहे; मग जाब विचारायला जागा नाही असे कसे? हे सगळे खरे आहे, आणि महामंडळाच्या एकूण तोट्याबद्दल ते पुरेसेही असेल. पण औरंगपुऱ्याहून सुटणारी फेरी संध्याकाळी कमी का झाली, हा प्रश्न विधानसभेच्या पटावर येत नाही, येऊही नये. तो राज्याच्या दृष्टीने फार लहान आणि शहराच्या दृष्टीने फार मोठा असतो. लेखापरीक्षण येते ते खर्च होऊन गेल्यावर. माहिती अधिकाराने कागद मिळतो, पण निर्णय बदलण्याचा अधिकार मिळत नाही. एसटीने शहर बस चालवली ती वर्षानुवर्षे ‘तोट्याची’ म्हणून कुरकुरत. लांब पल्ल्याच्या गाड्यांवर जगणाऱ्या संस्थेला अडीच-तीन किलोमीटरवर उतरणारा शहरी उतारू परवडत नाही, यात तिची लबाडी नव्हती. तिच्या लेखी तो शहराचा प्रश्न होता, शहराच्या लेखी एसटीचा.

इथे शहराची बाजूही तपासली पाहिजे, कारण दोष सगळा मुंबईच्या माथी मारणे ही मराठवाड्याची जुनी सवय आहे. औरंगाबादची महापालिका ८ डिसेंबर १९८२ रोजी झाली. तिला लागू असलेल्या १९४९ च्या महापालिका अधिनियमात बससाठी तयार रचना आहे. महापालिकेने स्वतःचा परिवहन उपक्रम उभारला तर परिवहन समिती, परिवहन व्यवस्थापक, वेगळा परिवहन निधी आणि वेगळे अंदाजपत्रक अशी ती व्यवस्था. समितीने तपासायचे, मग सर्वसाधारण सभेत चर्चा व्हायची. सोलापूर, कोल्हापूर, ठाणे या शहरांनी याच कायद्याखाली बस चालवली. औरंगाबादेत तिने मूळ धरले नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात ‘एएमटी’ आली. नाव महापालिकेचे होते, गाड्या चालवायला खासगी ठेकेदार होता. काही वर्षांत ती बंद पडली आणि शहर पुन्हा एसटीच्या दारात गेले.

त्यानंतर आली स्मार्ट सिटी. २०१६ मध्ये शहराची या मिशनमध्ये निवड झाली, आणि मिशनच्या नियमांप्रमाणे कंपनी कायद्याखाली एक कंपनी निघाली. राज्य आणि महापालिका दोघेही तिचे भागधारक. जानेवारी २०१९ पासून ‘माझी स्मार्ट बस’ रस्त्यावर आली. शंभर बसची ती योजना; महापालिकेला इतक्या वर्षांत न जमलेली गोष्ट कंपनीने थोड्या महिन्यांत करून दाखवली, हे मान्य करायलाच हवे. बस नव्या होत्या, चालक-वाहक एसटीचे होते, मालकी कंपनीची आणि शहर महापालिकेचे. या रचनेची परीक्षा नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. राज्य सरकारात विलीनीकरणाच्या मागणीसाठी एसटी कामगार संपावर गेले आणि त्यांच्याबरोबर शहराची बसही उभी राहिली. ज्या वादाशी शहराचा काहीही संबंध नव्हता, त्यात त्याची बस अडकली. पुढे कंपनीने एसटीवरचे अवलंबित्व सोडून आपली कंत्राटी माणसे घेतली. प्रशासकीय दृष्टीने निर्णय योग्य होता. तो ज्यांच्यासमोर तपासून घ्यावा असे नगरसेवक मात्र शहरात नव्हते: एप्रिल २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत राहिले. औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषदेचे सभागृहही मार्च २०२२ पासून रिकामे झाले. १९६२ मध्ये जे जिल्ह्याला मिळाले होते तेही काही वर्षे कुलूपबंद.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. नगरसेवकांच्या हाती बस दिली की भरती, ठेके आणि भाड्याचे राजकारण सुरू होते. बेस्टकडे पाहा, असे म्हणतात. ७ ऑगस्ट १९४७ ला मुंबई महापालिकेने ताब्यात घेतलेला हा उपक्रम, त्याला स्वतंत्र बेस्ट समिती, आणि तरीही तोटा डोक्यावरून गेला. आक्षेपात तथ्य आहे. पण बेस्टचीच दोन वर्षे शेजारी ठेवून पाहा. जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आले, तेव्हा समिती होती. महापालिकेने किती पैसे द्यायचे यावर उघड भांडण झाले. मे २०२५ मध्ये तेच भाडे ५ चे १० झाले, तेव्हा मुंबईतही मार्च २०२२ पासून प्रशासक होते आणि समिती नव्हती. पहिला निर्णय चुकीचा आणि दुसरा अपरिहार्य होता असे एखादा अर्थतज्ज्ञ म्हणेल, आणि कदाचित तो बरोबरही असेल. तरीही पहिल्यात कोण कुठे उभा होता हे मुंबईकराला ठाऊक आहे. दुसऱ्याबद्दल तो कुणाला पाडू शकत नाही. समितीने तोटा टळतो असा माझा दावा नाही. समितीत तोटा कुणाच्या नावावर पडला ते कळते, एवढाच दावा आहे.

आणि कंपनी काढून राजकारण जाते हेही खरे नाही. नाशिकने जुलै २०२१ मध्ये कंपनीमार्फत सिटीलिंक सुरू केली. ठेकेदाराने पगार थकवला म्हणून वाहकांनी काम बंद ठेवले आणि उतारू थांब्यावर राहिला, असे तिथे एकदा नव्हे तर वारंवार घडले. राजकारण ठेक्यात शिरले, फक्त सभागृहाबाहेर. पुण्यात २००७ साली दोन शहरांच्या सेवा एकत्र करून कंपनी झाली, महापौरांना संचालक म्हणून घेतले गेले. पण संचालकाचे कायदेशीर कर्तव्य कंपनीशी असते, मतदाराशी नव्हे, आणि संचालक मंडळाच्या बैठकीत पत्रकार बसत नाहीत.

स्मार्ट सिटी मिशनची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. बस घ्यायला केंद्राचे अनुदान उपयोगी पडले. ती रोज चालवायला मिशनमध्ये तरतूद नव्हती, आता तर मिशनच नाही. यापुढे उत्पन्न आणि खर्च यांतला फरक भरायचा तो शहरानेच. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, विधिमंडळात जावे लागत नाही. १९४९ च्या अधिनियमातली समिती आणि तिचे वेगळे अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेच्या आवाक्यात आहे. अडचण दुसरीच आहे. एसटीची बस असते तेव्हा तोटा एसटीचा असतो, ठेकेदाराची असते तेव्हा त्याचा, कंपनीची असते तेव्हा कंपनीचा. उपक्रम महापालिकेचा झाला की दर वर्षी तो आकडा महापालिकेच्याच अंदाजपत्रकात येतो, आणि रस्ते, पाणी, पथदिवे यांच्या शेजारी बसून आपला वाटा मागतो. कुणाची पाणीपट्टी वाढवून कुणाची फेरी चालवायची, हे मग नगरसेवकाला हात वर करून सांगावे लागते. कायद्यात तयार पडलेली ही वाट शहराने चाळीस वर्षे धरली नाही, त्यात या हात वर करण्याच्या भीतीचा वाटा मुंबईच्या उपेक्षेइतकाच मोठा आहे.